मुळात असं नाहीये, ताई

वानगीशेठसमोर कुणी कसलीही गोष्ट सांगायला लागलं, की तिसऱ्या वाक्याला ते हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "मुळात असं नाहीये." मग ती गोष्ट परवाच्या लग्नातल्या पंगतीची असो की हमालांपैकी सुकदेव आबांच्या म्हशीची. मुळात काय झालं होतं ते त्यांना माहीत असायचंच असं नाही. पण आपल्यापर्यंत येईस्तोवर कुणीतरी त्यात हात घातलेला आहे, एवढी त्यांची खात्री असायची. जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले. त्या अकरा वर्षांत माझी एकही गोष्ट शेवटापर्यंत पोचली नाही.

मालकांचे पुतणे म्हणून ते शेठ, आणि वानगी पाहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणून हमालांनी पाडलेलं नाव वानगीशेठ. तुरीची गाडी आली की ते पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे आणि त्यातला एक दाताखाली फोडायचे. तेवढ्यावर माल कुठल्या भागातला, ओल किती, जुनी तूर नव्यात घातली आहे का, हे सगळं सांगून मोकळे. मग तोच नमुना ओल मोजायला माझ्या यंत्राकडे यायचा. यंत्र नेहमी त्यांच्याच बाजूनं बोलायचं. मला त्या यंत्राचाही राग यायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. या माणसाला एका जपानी चित्रकथेचं वेड होतं. वय पंचेचाळीस, कानाजवळचे केस पांढरे, नाकावर चष्मा, आणि टेबलाच्या खणात त्या चित्रकथेचे इंग्रजीतले एकोणीस खंड. उजवीकडून डावीकडे वाचायचे. मी एकदा नकळत डावीकडून उघडला तर त्यांनी माझ्या हातातून असा काढून घेतला की जणू मी ताट उलटं मांडून जेवायला बसले होते. तिचं जपानी नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. मिलमध्ये सगळे तिला 'कंदील' म्हणायचे. गोष्ट म्हणाल तर साधी. डोंगरातल्या खिंडीत दोन भाऊ राहतात. थोरला भांडून खाली उतरून जातो. त्याला परतीची वाट दिसावी म्हणून धाकटा रोज संध्याकाळी खिंडीत कंदील लावतो. वाटसरू येतात, आपापलं दुःख सांगतात, जातात. मी म्हटलं, "शेठ, एवढ्याशा गोष्टीला एकोणीस खंड कशाला?" त्याचं उत्तर सोमवारी सुरू झालं आणि गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत संपलं.

एकवेळ चित्रकथा परवडली. पण तिच्यावरून जपान्यांनी आणखी काय काय काढून ठेवलं होतं. एक जुनी कार्टून मालिका, एक नवी कार्टून मालिका, एक दोन तासांचा सिनेमा आणि एक खऱ्या नटांना घेऊन केलेला सिनेमा. कार्टून हा शब्द मी वापरला की ते डोळे मिटून घ्यायचे. "ताई, ॲनिमे. आणि पुस्तकातली ती मांगा." मी म्हणायचे, बरं, मांगा. मग कोणत्या मालिकेत धाकट्याच्या अंगरख्याचा रंग निळा आहे, मुळात पुस्तकच काळंपांढरं असताना निळा कुणाला विचारून केला, नव्या मालिकेत खिंडीतल्या शांत प्रसंगावर गाणं का घुसडलं, हे सगळं मला ऐकावं लागायचं. समोर यंत्रात तूर, कानात जपान.

एकदा मला नीट समजावं म्हणून त्यांनी टेबलावर कागदी बशा मांडल्या. पहिल्या बशीत सालासकट अख्खी तूर ठेवली. "ही मांगा. शेतातून आली तशी." दुसऱ्या बशीत तेलाचा हात फिरवून चमकवलेली डाळ. "ही जुनी मालिका. दिसायला छान, पण वरून तेल आहे." तिसरीत तेल न लावलेली चांगली फटका डाळ. "ही नवी. स्वच्छ काम आहे, फक्त साल गेली." चौथीत तुकडा पडलेली कणी. "हा सिनेमा. दोन तासांत बसवायला फोडून फोडून बसवला." आणि खऱ्या नटांच्या सिनेमासाठी त्यांनी थेट चुनी आणवली, जी आम्ही ढोरांच्या खाद्याला विकतो. सुकदेव आबा पाठीवरचं पोतं उतरवून बघत उभे होते. ते म्हणाले, "शेठ, हाई बठ्ठं एकाच तुरीनं शे ना?" सगळं एकाच तुरीचं, हे काही वानगीशेठना नाकारता येईना. ते बशा एका रेषेत लावायला लागले.

नेमका त्याच वेळी अकोल्याचा एक व्यापारी डाळ बघायला आला. त्याच्यासाठी काढलेल्या वानग्या कुठल्या आणि जपानच्या कुठल्या, याचा पत्ता त्याला आणि शेठना दोघांनाही लागेना. व्यापाऱ्यानं चुनीच्या बशीत बोट घालून विचारलं, "ही काय भावानं?" मालकांनी त्या दिवशी जो आवाज लावला तो मिलच्या बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. व्यापारी गेल्यावर वानगीशेठ मला काय म्हणाले असतील? "मुळात त्यानं मांगापासून सुरुवात करायला पाहिजे होती."

मंगळवारी आम्ही नमुने घेऊन एस.टी.नं धुळ्याला जायचो. तिथल्या व्यापाऱ्यांसमोर ओल मोजून दाखवायची, म्हणून यंत्र मांडीवर घेऊन मलाही जावं लागायचं. टेबलावरून निदान उठून जाता येतं, एस.टी.त खिडकीची जागा मिळाली म्हणजे माणूस अडकलाच. एरंडोल येईपर्यंत जुनी मालिका, पारोळ्यापर्यंत नवी, आणि धुळं जवळ आलं की सिनेमा. धुळ्यात मात्र हा माणूस एकदम गप्प व्हायचा. काम झालं की चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीला लागायचा. मला वाटायचं, देवाला माझी दया आली.

त्यांचा सगळ्यांत मोठा राग जुन्या मालिकेच्या शेवटावर होता. ती निघाली तेव्हा मांगा पुरी झालेली नव्हती. पुढचं हातात नाही म्हणून मालिकावाल्यांनी शेवट स्वतःच करून टाकला. भर दुपारी थोरला भाऊ खिंड चढून येतो आणि दोघं भात खायला बसतात. पुढे काही वर्षांनी मांगा संपली, तेव्हा मुळात थोरला येतच नाही असं निघालं. शेवटच्या पानावर नुसता पेटलेला कंदील आहे आणि रिकामी वाट. "भेसळ," वानगीशेठ म्हणायचे. "लोकांना गोड लागावं म्हणून केलेली भेसळ. मुळाला हात लावायचा कुणाला हक्क नाही, ताई." सुकदेव आबांना एवढंच हवं असायचं, "तो भाऊ येस का नही, तेवढं सांगा शेठ." त्यावर शेठचं उत्तर ठरलेलं. "मुळात येत नाही."

दिवाळीच्या आधी मी यावलहून आमच्या मळ्यातल्या केळीची फणी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईला सगळे बाई म्हणायचे. नजर अधू झालेली, पण हात सवयीनं चालत होते. परातीत बेसनाचे लाडू वळत होत्या. म्हणाल्या, "हे जपानी लाडू." मी हसले, तर त्यांनी सांगितलं ते खरंच निघालं. मुलं लहान असताना ती जुनी मालिका रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदीत लागायची. त्यात दोघं भाऊ भाताचे गोळे खायचे आणि हिंदीवाले त्याला लड्डू म्हणायचे. मग या दोघांनाही त्याच वेळी लाडू हवे. तेव्हापासून रविवारी लाडू.

"दोघांना?" मी विचारलं. अकरा वर्षांत मला त्यांना भाऊ आहे हे ठाऊक नव्हतं.

"मोठा आहे ना. धुळ्याला असतो." बाईंनी लाडू परातीच्या कडेला ठेवला. "जातीबाहेर लग्न केलं. दीर, म्हणजे तुमचे मालक, म्हणाले, पुन्हा या घरात पाय ठेवू नको. सोळा वर्षं झाली. घर दिरांचं, मी कशी बोलावू? आणि फोन त्यानं करायचा की ह्यानं, यातच दोघं बसून राहिले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू धाकट्याचं दिवसभर ऐकतेस. मला टीव्हीवरचं माहीत आहे, पण पुस्तकात नंतर शेवट आला म्हणे. खरं सांग बेटा, पुस्तकात येतो का तो मोठा?"

एकोणीस खंड मी न वाचता पाठ केले होते, आणि उत्तर द्यायची वेळ आली ती ही. मी म्हटलं, "येतो."

बाईंनी मान हलवली. "तूही येतो म्हणतेस. माझा धाकटाही हेच म्हणाला. मग ठीक आहे." आणि पुढचा लाडू वळायला घेतला.

मी घरी येईपर्यंत संतापले होते. ज्या माणसानं माझी एक गोष्ट पुरी होऊ दिली नाही, निळ्या अंगरख्यावरून माझं डोकं खाल्लं, त्यानं आईला सरळ भेसळ दिली होती. आणि दर मंगळवारी मी त्याच्याबरोबर ज्या गावात जात होते, तिथंच त्याचा सख्खा भाऊ राहत होता. पुढच्या मंगळवारी एरंडोलही येऊ दिलं नाही. म्हटलं, "शेठ, मुळात येत नाही, आणि तुम्ही बाईंना येतो म्हणून सांगितलंत."

ते खिडकीतून कपाशीकडे बघत राहिले. "मी जुन्या मालिकेबद्दल बोलत होतो."

"त्यांनी पुस्तकाबद्दल विचारलं होतं. मला पण विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"येतो म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला कुणी दुरुस्त केलं नाही. मला वाटलं, आता लोखंड तापलं आहे. म्हटलं, "दर आठवड्याला धुळ्याला येतो आपण. काम तासाभरात उरकतं. आज जाऊन या ना त्यांच्या घरी. मी यंत्र धरून बसते स्टँडवर, तुम्हाला पाहिजे तेवढा वेळ."

वानगीशेठनी नमुन्यांच्या पिशव्या मांडीवर सारख्या केल्या. "ताई, मुळात धाकटा शोधायला जात नाही. तो कंदील लावतो."

मला त्या क्षणी त्यांच्या मांडीवरच्या सगळ्या पिशव्या खिडकीबाहेर फेकाव्याशा वाटल्या. मी मोठ्यानं म्हणाले, "अहो, ते कागदावरचे लोक आहेत. बाई कागदावरच्या नाहीत." कंडक्टर वळून बघायला लागला. पारोळं गेलं, धुळं आलं, ओल मोजून झाली आणि आम्ही चहा न घेता परत निघालो. नंतर आठ दिवस त्यांनी मला जपानमधलं काहीही सांगितलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या शांततेचाही वैताग आला. नवव्या दिवशी त्यांनी खण उघडून विचारलं, "ताई, सिनेमात कंदिलाची काच फुटलेली आहे, लक्षात आलं का तुमच्या?" मला बरं वाटलं. मी तसं दाखवलं नाही.

पुढे तीन महिने असेच गेले. दर मंगळवारी मी तोंड उघडायचं ठरवायचे आणि मिटून ठेवायचे. थंडी सरता सरता एका सकाळी बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला हाक मारायचीही वेळ आली नाही. आठ वाजता वानगीशेठनी सोळा वर्षांत पहिल्यांदा भावाला फोन केला. दुपार व्हायच्या आत थोरला जळगावात पोचला होता. मालकांनीही त्याला दारात अडवलं नाही. दोघा भावांनी खांदा दिला.

तिसऱ्या दिवशी मी आणि सुकदेव आबा बैठकीला गेलो. सतरंजीवर दोघं शेजारी बसले होते, सारखेच वाकून, सारखाच चष्मा. आबा बराच वेळ थोरल्याकडे बघत राहिले आणि मग माझ्या कानाशी म्हणाले, "उना ना गं माय तो भाऊ." आला खरा. मला रडू आलं.

निघताना वानगीशेठ मला दारापर्यंत पोचवायला आले. चपलांच्या ढिगाशी थांबून, नेहमीच्याच सुरात म्हणाले, "जुन्या मालिकेत तो भर दुपारी येतो. हा पावणेअकराला आला. फक्त पावणेतीन तास लागले, ताई. त्यात फाटक पडलं म्हणून गाडी थांबलीसुद्धा होती."

आजच्या दिवशीही तेच. मी वैतागून काहीतरी बोलणार होते, पण त्यांचा चष्मा ओला झालेला दिसला.

"एक बदल करायला पाहिजे होता," ते म्हणाले.

मी विचारलं, "कुठे?"

"पहिल्याच खंडात. धाकट्यानं कंदील तिथंच ठेवून खाली उतरायला पाहिजे होतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मुळात नाहीये. तरी पण."