सोफ्याला ऊब, माणसांना ठराव

कमिटीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. त्याने फक्त इतिवृत्त लिहायचं आणि हसू दाबायचं! माझं अक्षर बरं, म्हणून लोणावळ्याच्या आमच्या निर्वासित साहाय्य समितीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. पन्नास-एक्कावन साल असेल. मी साधा शाळामास्तर, अध्यक्ष पेन्शनर रावसाहेब, सभासदांत गावातले डॉक्टर.

गावाबाहेर लढाईच्या वेळची पत्र्याची बराक होती. तीत सिंधी निर्वासितांची पाच कुटुंबं राहत होती. पत्र्यांसाठी ती बराक एका कंत्राटदाराने घेतली होती आणि मार्गशीर्ष सरायच्या आत तो ती पाडणार होता. बाहेर लोणावळ्याची थंडी, त्यात दोन तान्ही मुलं. त्यांना हिवाळ्यापुरता निवारा शोधून देणं एवढंच समितीचं काम. म्हणून आम्ही सगळ्यात आधी रबरी शिक्का करवून घेतला.

*

मग कपड्यांचं आवाहन केलं. गाव उदार! ज्याच्या घरात जे अडगळीचं होतं ते त्याने दिलं. अकरा छत्र्या आल्या, दोन मच्छरदाण्या आल्या, टेनिसची एक पांढरी विजार आली. रावसाहेबांनी स्वतः गमबूट दिले. दोन्ही डाव्या पायाचे.

"पावसाळ्यात उपयोगी पडतील," म्हणाले. थंडी तर आत्ता कुठे पडू लागली होती.

*

पुण्याच्या कुणा दात्याने चाळीस ब्लँकेटं पाठवली. ती आली त्याच दिवशी वाटली असती तर समिती कसली? मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते वाटायची असं ठरलं. पाहुण्यांना सवड होईना, म्हणून सतरा दिवस ब्लँकेटं आमच्या शाळेच्या कपाटात ऊब धरून बसली आणि माणसं बराकीत कुडकुडत राहिली.

अखेर समारंभ झाला. रावसाहेबांचं भाषण लांबलं, ऊन उतरलं, वारा सुटला आणि पाहुण्यांना हुडहुडी भरली. रावसाहेबांनी तत्परतेने वरचं ब्लँकेट त्यांच्या खांद्यांवर घातलं. टाळ्या झाल्या, आणि पाहुणे तसेच मोटारीत बसून निघून गेले!

बराकीतल्या सगळ्यात वडील म्हणजे हेमीदादी. त्या मोटारीच्या धुळीकडे बघत मला म्हणाल्या, "जाने दो मास्टरजी, उनको जास्ती ठंड है."

*

जागेसाठी अर्ज करायचा तर फॉर्म हवा. तो रावसाहेबांनी स्वतः तयार केला होता. त्यातला तिसरा रकाना कायमच्या पत्त्याचा.

मी दादींना पत्ता विचारला. त्यांनी शिकारपूरची गल्ली सांगितली, घर सांगितलं, दारातला लिंबसुद्धा सांगितला. मी सगळं लिहून घेतलं. रावसाहेबांनी ते वाचून लाल शाईची फुली मारली. पत्ता पाकिस्तानातला आहे, चालायचा नाही, कायमचा लिहून आणा म्हणाले.

फॉर्म परत घेऊन दादींसमोर जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र शांतपणे सांगितलं, "मास्टरजी, कायम का तो वही था."

*

वडिवळ्याचा एक शेतकरी कुणीही न सांगता भाताच्या पेंढ्याने भरलेली बैलगाडी घेऊन बराकीवर आला. गार जमिनीवर अंथरायला. रावसाहेबांनी गाडी अडवली. समितीच्या मंजुरीशिवाय मदत करता येत नाही, आधी अर्ज आण, असं त्याला बजावलं.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "सायेब, आमी गुरांखाली बी पेंढा घालतो, तवा कुणाला कुटं इचारतो?"

आणि गाडी रिकामी करून गेला. त्या आठवड्यात बराकीत नीट झोप लागली ती त्या पेंढ्यामुळे. इतिवृत्तात मात्र रावसाहेबांनी 'विनापरवाना पेंढा' अशी नोंद करायला लावली.

*

आता जागेचं. हिवाळ्यात अर्धं लोणावळं कुलपात असतं. बंगल्यांचे मालक मुंबईला, येणार ते मे महिन्यात. रावसाहेबांचेच दोन बंगले होते. एकात ते राहायचे. दुसरा त्याच आवारात, आंब्यांच्या पलीकडे, मुंबईच्या मुलासाठी राखलेला.

पावसाळ्यात ओल धरलेलं घर बंद ठेवलं की सामानाला बुरशी येते. म्हणून रावसाहेबांचा माळी गेनू रोज संध्याकाळी तिथल्या खोल्याखोल्यांतून कोळशाच्या शेगड्या पेटवायचा. गेनू जवळच्या भुशी गावचा. समितीच्या सभा रावसाहेबांच्याच घरी भरायच्या, तिथे चहा देण्याचं कामही त्याच्याकडेच. आम्ही निर्वासितांच्या थंडीवर चर्चा करायचो आणि समोर रिकाम्या बंगल्याच्या खिडक्या तांबूस दिसायच्या.

एकदा मी भीतभीत म्हटलं, "रावसाहेब, पलीकडचा बंगला..."

"मास्तर, भावनेच्या भरात वाहून जाऊ नका," रावसाहेब म्हणाले. "तिथं सोफा आहे."

गेनू चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होता.

*

कंत्राटदाराची माणसं पहारी घेऊन आली तेव्हा बराक रिकामी होती. माणूस नाही, पेंढ्याची काडी नाही. कल्याणच्या कँपात गेले असतील, प्रश्न सुटला, म्हणून रावसाहेब खूश झाले. मला वाईट वाटलं. दादी न सांगता गेल्या याचं वाटलं, आणि सांगायला यावं असं आम्ही केलं तरी काय होतं?

दोन दिवसांनी समितीची शेवटची सभा भरली. पुण्याला पाठवायच्या अहवालात एकच ठराव होता: 'कसून शोध घेऊनही गावात एकही रिकामी जागा आढळली नाही.' रावसाहेबांनी झोकात सही केली. मग कागद डॉक्टरांकडे गेला, तर ते पेन उघडून थबकले. इतके बंगले बंद असताना असं कसं लिहायचं म्हणाले. रावसाहेब चिडले. चहा घेऊन आलेल्या गेनूलाच त्यांनी साक्षीला उभं केलं.

"तू गावातल्या सगळ्या माळ्यांना ओळखतोस. सांग यांना, आहे का एक तरी रिकामी जागा?"

गेनूने ट्रे टेबलावर ठेवला. आंब्यांपलीकडच्या खिडक्या रोजच्यासारख्या तांबूस दिसत होत्या.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "येक हुती, आपलीच. ती परवा भरली. सोफ्याची काळजी करू नगा, त्याला बुरशी न्हाई लागायची. म्हाताऱ्या दादी त्याच्यावरच निजत्यात."

डॉक्टरांनी सही केली. मी शिक्का मारला.