पोलादपूरच्या डोंगरात, चुना लावलेल्या दगडांपाशी

आमच्या घरात सहली मी ठरवते. ठिकाण, राहायची सोय, कुठे काय खायचं, सगळं. संदीपचं काम गाडी चालवणं आणि परतताना "बरं झालं आलो" म्हणणं. डोंगर चढायचा म्हटलं की त्याचा गुडघा दुखायला लागतो. त्यामुळे दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो आपणहून म्हणाला, "वृंदा, शनिवारी पोलादपूरकडे जाऊ. मुक्ताला जरा रानात फिरवू," तेव्हा मी कणीक मळायची थांबले.

"पोलादपूर? तुला कोणी सुचवलं?"

"ऑफिसमध्ये बोलत होते कोणीतरी."

मुक्ता आमची मुलगी, पाचवीत आहे. पोलादपूर कुठे आहे हेसुद्धा न विचारता ती बॅग भरायला धावली. मी मात्र रात्री नकाशा काढून बसले. नवऱ्याने ठरवलेली सहल, तीही डोंगराची. यात काहीतरी आहे, असं मनात आलंच.

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरायचा आणि परत येताना आंबेनळी चढून महाबळेश्वरमार्गे यायचं, असा आमचा गोल होता. तुम्ही जाणार असाल तर वरंधा सुरू आहे की नाही याची आधी चौकशी करा. पावसाळ्यात तो बंद असतो आणि पावसाळा संपल्यावरही दरडींची माती, रुंदीकरणाचं काम आणि खड्डे यांतूनच वाट काढावी लागते. पण वाघजाईपाशी गाडी थांबवून कांदाभजी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. भजी हातात घट्ट धरून खा, कारण माकडं मागे टपूनच असतात. आम्ही भजी खात होतो तेव्हा संदीप दोनदा फोन घेऊन कठड्याच्या पार टोकाला गेला.

"कोण रे?"

"ऑफिस."

शनिवारी त्याचं ऑफिस बंद असतं.

महाडला दुपारी पोचलो. स्टँडच्या जवळ एक साधं, स्वच्छ लॉज मिळालं. तिघांची खोली दोन हजारांच्या आत, गरम पाणी फक्त सकाळी. संध्याकाळी जवळच्या सव गावी गरम पाण्याची कुंडं बघायला गेलो. गंधकाचा वास नाकात बसतो, पण पाय बुडवून बसलं की सुख वाटतं. मुक्ता पाय घालायची, ओरडायची आणि परत घालायची. संदीप लांब एका झाडाखाली कोणाशी तरी बोलत होता. वाऱ्याबरोबर "उद्या," "वरपर्यंत," "फॅमिली आहे सोबत" एवढेच शब्द माझ्यापर्यंत आले. तो परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "रस्ता विचारत होतो."

बायकोच्या मनात अशा वेळी काय काय येतं, ते सगळंच इथे लिहीत नाही. पण झोप नीट लागली नाही एवढं सांगते.

रविवारी सकाळी पोलादपूरला नाश्त्याला थांबलो. हायवेला लागून एक छोटं हॉटेल आहे, मिसळ झणझणीत आणि पाव ताजे. मी तीन मिसळ आणि दोन चहा सांगितले. मालकाने चहा आणून ठेवले आणि संदीपपुढचा ग्लास सरकवत म्हणाला, "हा बिनसाखरेचा, साहेब."

संदीप चहात साखर घेत नाही. पण आम्ही तसं सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही ओळखता यांना?" मी विचारलं.

मालकाने संदीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "कोनीतरी दुसरं असंल, ताई. दिवसाला शंभर मानसं येतात." संदीप मिसळीत लिंबू पिळत राहिला. मुक्तासमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. पण हा माणूस इथे आधी येऊन गेलाय, एवढं आता मला पक्कं कळलं होतं.

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच उमरठकडे वळायचं. पेट्रोल पोलादपूरलाच भरून घ्या, पुढे पंप नाही. उमरठला नरवीरांच्या समाधीपाशी थांबलो. भाताची कापणी झालेली होती, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या आणि त्यांच्या मागे सह्याद्रीची उभी भिंत. तिथून पुढे रस्ता अरुंद होत जातो. समोरून जीप आली की एकाने मागे जायचं. ज्या वाडीत हा रस्ता संपतो तिचं नाव मी लिहिणार नाही. "नेटवर टाकू नका," असं तिथल्या लोकांनी सांगितलं आणि मला ते पटलं.

वाडीत पंधरा-वीस घरं असतील, त्यातली निम्मी कुलपं लावलेली. आम्ही गाडी उभी केली तशी एक बाई नाचणी वाळत घातलेल्या अंगणातून उठून थेट गाडीसमोर येऊन उभी राहिली. साठीची, काटक, हातात सूप. नंतर कळलं, त्यांचं नाव यशोदा. सगळे त्यांना काकी म्हणतात.

"कुठशी आलाव?"

"पुण्याहून, काकी. वर पठारावर जायचंय."

"पठारावर काय हाय? गवत हाय."

"मुलीला डोंगर दाखवायचाय."

"पुन्यास डोंगर नाय?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. गाडीच्या आत डोकावून त्यांनी मागची सीट बघितली, पाण्याच्या बाटल्या बघितल्या, माझी पिशवी बघितली. तोवर आणखी दोघं म्हातारे येऊन उभे राहिले. आता हे वाटाड्याचे म्हणून पैसे मागणार, असं माझ्या मनात आलं. त्या काय शोधत होत्या, ते मला तेव्हा कळलंच नाही.

"थांबा. रमेशला इचारते," म्हणून त्या फणसाच्या झाडाखाली गेल्या. वाडीत तेवढ्या एकाच जागी रेंज येते. रमेश हा त्यांचा मुलगा, मुंबईत एका कंपनीत ड्रायव्हर आहे. फोन माझ्या हातात दिला गेला.

"मॅडम, सॉरी हां," पलीकडून आवाज आला, "पण गाडीचा नंबर बोला जरा."

मी सांगितला. तो कोणाला तरी लिहून घ्यायला सांगत होता.

"तुमी एजंट तर नाय ना? कसं हाय, मॅडम, गेल्या महिन्यात दोन पार्ट्या आल्या. ट्रेकिंग के लिए आये बोलले, आनि वर टेप लावून गेले. आमचा एक चुलता जमीन विकायला निगालाय. आमचं पानी वरनं येतं. तिथं कुंपन पडलं तर आई काय पिनार?"

"अहो, आम्ही साधी माणसं आहोत. मी शाळेत शिकवते. फक्त फिरायला आलोय."

फोन परत दिला, तरी काकींच्या चेहऱ्यावरचा संशय हलला नाही. मग मी जे केलं, ते का केलं मला सांगता येणार नाही. कदाचित दोन दिवस मी स्वतःच कोणावर तरी संशय घेत होते, आणि तो आपल्यावर आला की कसा लागतो ते पहिल्यांदाच कळत होतं म्हणून असेल. मी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काकी, हिची शपथ. आम्हाला तुमची जमीनबिमीन काही नको."

काकी क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. "जावा. दुपारच्याला जेवून जावा. भाकरी टाकून ठेवते. पोर दमंल."

संदीप तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होता. फार वेळ बांधत होता.

चढ दीड तासाचा आहे, पण लहान मुलं असतील तर दोन धरा. आधी कारवीचं रान, मग एक कोरडा ओढा, आणि त्यानंतर दरड कोसळून गेलेला पट्टा. तिथे पायाखाली बारीक खडी घसरते आणि उजवीकडे खोल दरी. मुक्ता मध्यावर येऊन खाली बसली आणि "मला नाही जमत" म्हणून रडायला लागली. संदीपने पलीकडे जाऊन माझ्या ओढणीचं टोक धरलं, दुसरं मी, आणि मधून ती खेकड्यासारखी सरकत गेली. पलीकडे पोचल्यावर तिघंही हसलो. तेवढ्यापुरतं मी सगळं विसरले होते.

पण पुढे वाट तीन ठिकाणी फुटली, आणि तिन्ही वेळा संदीप न थांबता, कोणाला न विचारता बरोबर वळला. गुडघ्याचं नावही नव्हतं. मी मागून चालताना त्याची पाठ बघत होते.

वर आलो. सोनेरी गवताचं मोठं पठार, खाली सावित्रीचं खोरं, समोर महाबळेश्वरची काळी भिंत. मुक्ता धावत सुटली. गवतात एक दगड उभा रोवलेला होता, त्याला चुना फासलेला. पुढे दुसरा. तिने पहिल्याला मिठी मारली आणि गदागदा हलवला.

"मुक्ता! तो दगड हलवू नकोस!"

संदीप इतक्या जोरात ओरडला की ती दचकून मागे पडली. मी दगडाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"कोणाचा आहे तो दगड, संदीप?"

तो खाली बसला. "टोकन दिलंय मी," म्हणाला. "तुला इथे आणून दाखवायचं होतं. तुला आवडेल असं वाटलं."

तो बोलत राहिला. मुक्ताच्या वर्गातल्या सगळ्यांना गाव आहे, मे महिना आला की सगळे गावाला जातात, आपल्याला जायला कुठे काही नाही. त्याचे वडील भाड्याच्या खोलीत राहिले, भाड्याच्याच खोलीत गेले. इथे दोन खोल्या बांधू, आंबे लावू. एजंटने त्याला वाडी उठायच्या आत, पहाटेच वर आणून सगळं नीट समजावलं होतं. प्लॉटला स्वतःचं बारमाही पाणीसुद्धा आहे.

ते पाणी मला दिसत होतं. चौथ्या दगडाच्या आतल्या बाजूला, उंबराच्या मुळाशी झरा होता. त्यात दगडांनी दाबून ठेवलेला काळा पाइप गवतातून खाली वाडीकडे गेला होता.

"मी मघाशी काय शपथ घेतली ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"कसा बोलणार होतो, वृंदा? सगळे उभे होते."

उतरताना तो म्हणाला, आता सरळ गाडीत बसू, नंतर फोनवर त्या रमेशशी बोलतो. मी म्हटलं, बाई भाकऱ्या टाकून बसलीय. एक तर तू सांग, नाहीतर मी सांगते.

सांगितलं त्यानेच. काकींच्या पडवीत, पानं मांडलेली असताना. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेली मिरची होती. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस गो."

"काकी, मला माहीत नव्हतं. खरंच."

"घोव जमीन घेतो नि बायकोस म्हाईत नाय?" त्यांनी मान हलवली. "जेवा आता. अन्नावर राग नाय काढायचा."

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. तो आजही बसलेला नसेल. आम्ही जेवलो. निघण्याआधी संदीप फणसाखाली जाऊन रमेशशी बोलला. रमेश ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने एवढंच सांगितलं की, ती जमीन सामाईक आहे, हिस्सेदार आठ-नऊ आहेत आणि चुलता एकटाच सही करायला निघालाय. "साहेब, तुमी पन फसाल नि आमी पन."

आंबेनळीची वळणं चढत परत निघालो. घाट सुंदर आहे, रस्ता वरंध्यापेक्षा बरा, आणि धुकं नसेल तर दोन-तीन ठिकाणी थांबण्यासारखी जागा आहे. आम्ही थांबलो नाही. महाबळेश्वरला हंगामातली पहिली स्ट्रॉबेरी आली होती. मुक्ताने मागितली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी संदीपने माझ्यासमोर बसून एजंटला फोन केला आणि व्यवहार मोडला. पलीकडचा माणूस आधी गोड बोलला, मग तापला, आणि आता फोन उचलत नाही. ते पैसे येतील असं वाटत नाही. मी संदीपला विचारलं, "झऱ्यामुळे मोडलंस, की सह्यांच्या भानगडीमुळे?"

"दोन्ही."

मी बराच वेळ त्याचा चेहरा वाचत राहिले. झरा नसता आणि कागद चोख असते तर, हा प्रश्न ओठांवर आला होता. तो विचारला नाही. गाव नसल्याचं त्याचं दुःख खरं होतं, ते मला पठारावरच दिसलं होतं. पण आता तो फोन घेऊन गॅलरीत गेला की माझे कान टवकारतात, आणि हे त्यालाही कळतं.

महाड-पोलादपूरला जरूर जा. कुंडात पाय बुडवा, उमरठला थांबा, आंबेनळी निवांत चढा. वाडीतल्या बाईने कुठून आलात म्हणून विचारलं तर नीट उत्तर द्या. तिला ते विचारायचा हक्क आहे.

आठवड्याने झोपताना मुक्ता म्हणाली, "आई, माझी शपथ खोटी झाली. मला काही होईल का?"

"नाही गं, बाळा. मला माहीतच नव्हतं ना. माहीत नसताना घेतलेली शपथ खोटी नसते."

ती तोंड उशीत लपवून म्हणाली, "पण मला माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं, तिथे आपलं घर बांधायचंय, आईला सरप्राइज आहे म्हणून."

मी तिला जवळ घेतलं आणि थोपटत राहिले. आम्हा तिघांमध्ये डोंगर बघायला गेलेली मी एकटीच होते.