मामींचा गळा

मामी गायला लागल्या की समोरच्या घरातलं कुत्रं जिन्याखाली जाऊन बसायचं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या या मामी साऱ्या गल्लीच्याच मामी. आवाज खणखणीत, सुराशी मात्र ओळखदेख नाही. कुणी हसलं तर म्हणायच्या, "सूर नसंना, गळा हाय की!"

त्या गायला लागल्या की माझे वडील खिडकी लावून घेत. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि चुकलेलं काहीही त्यांना सोसत नसे.

मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. नुसतं "ते... ते..." म्हणायचे आणि संतापायचे. राजारामपुरीतल्या वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलता येत नसलं तरी कधीकधी गाता येतं. छोटी वाक्यं चालीवर म्हणा. त्यांना डाव्या हातानं ताल धरू द्या."

घरी आम्ही सगळे लाजलो. आईला तर पहिल्या ओळीलाच रडू फुटलं. तेवढ्यात मामी पदर खोचून आत आल्या. "सरा वन्सं. दाजी, म्हणा माझ्यामागं. पाऽणी द्या!"

त्या रोज सकाळी यायच्या. "पाणी द्या" कधी आरतीच्या चालीवर, कधी पाळण्याच्या, एकदा तर चक्क लावणीच्या. वडील डाव्या हातानं खाटेवर ताल धरायचे. तोंडातून शब्द मात्र फुटेना. आई आशा सोडत चालली होती. मामींनी वरची पट्टी सोडली नाही.

एका सकाळी त्यांचा सूर असा काही घसरला की वडिलांचा चेहरा लालेलाल झाला. त्यांनी खाटेवर हात आपटला आणि खणखणीत चालीत म्हणाले, "बास कराऽ की!"

आईच्या हातातलं भांडं पडलं. मामी टाळ्या पिटत नाचल्याच. "बोललं की वं दाजी! आता कशाला बास करतीया मी?"

पुढं कितीतरी दिवस घरात सगळं गाण्यातच चाललं. वडील दूधवाल्याला सुरात म्हणायचे, "उद्याऽ एक लिटर!" तो बिचारा दचकून सायकल धरायचा. हळूहळू चाल गळून पडली आणि अडखळत का होईना, बोलणं उरलं.

गेल्या वर्षी मामी हातकणंगल्याला लेकाकडे राहायला निघाल्या. सामान रिक्षात चढलं, मामीही बसल्या. वडील काठी टेकत फाटकापर्यंत आले. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द अडकला.

"थांब की जरा," मामी रिक्षावाल्याला म्हणाल्या, "दाजी बोलत्यात."

त्यानं इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, "वहिनी... राहा की."

मामींनी पदर तोंडाला लावला. शेवटी रिक्षावाल्यानंच हळूच विचारलं, "जायाचं न्हवं, मावशी?"