बाबांच्या सायकलचं वजन

सत्तरच्या दशकात आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. बाबा रोज सायकलने सीताबर्डीच्या कचेरीत जात. एका हिवाळ्यात पुलाच्या चढावर त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. बाबा म्हणाले, बसच्या भरवशावर राहिलो तर रोज लेटमार्क लागेल. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेवटी तडजोड झाली: सायकल चालवा, पण हळू, आणि ओझं नको.

खरं ओझं तर ती सायकलच होती. ती ओट्यावर चढवताना मला, धडधाकट मुलीला, धाप लागायची. बाबांना तिच्या मजबुतीचा अभिमान होता, मला तिचा राग यायचा. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि घरात माझा शब्द चालू लागला होता. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

एका रविवारी पाना घेऊन अंगणात बसले. कॅरियर काढलं, मागचं जाड स्टँड काढलं, लोखंडी चेनकव्हर काढलं. बाबा अंधार पडायच्या आत घरी येत, म्हणून डायनॅमोही गेला. पत्र्याच्या मडगार्डांच्या जागी प्लॅस्टिकची आली. मग दुकानदाराला रेसिंग सायकलीच्या ॲल्युमिनियमच्या रिमा मागवायला लावल्या. त्यांना जुने रॉडचे ब्रेक चालेनात, तेव्हा तारेचे बसवले.

"सांगाडाच उरला वं," बाबा खुर्चीवरून म्हणाले.

"तुमाले सांगाडाच पायजे," मी म्हटलं.

पुढे मात्र तेच ती सायकल एका हाताने उचलून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. पुलावर आता दम लागत नाही म्हणाले. महिनाभर मी हवेत होते.

मग एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी माझ्या लेडीज सायकलवर घरी येत होते. पुलावर पुढे बाबा दिसले. दांडीवर त्यांच्या कचेरीतले एक जाडजूड गृहस्थ मांडीवर डबा घेऊन आरामात बसले होते, आणि बाबा पेडलवर उभं राहून ती वरात चढावर ओढत होते. आमच्याकडे ओळखीचा माणूस पायी जाताना दिसला की सायकलवाला थांबतो आणि "बस गा" म्हणतो. कॅरियर नव्हतं, म्हणून लोक दांडीवर बसू लागले होते, इतकंच. मी एकेक नट मोजून वजन कमी करत बसले आणि बाबांचा स्वभाव विसरले.

घरी मी त्यांना फाडफाड बोलले. डॉक्टर काढले, औषधं काढली, ते गृहस्थ तर दहादा काढले. आवाज रागाचा होता, पण बोलत होती ती भीती.

"माणूस पायी चालून राहिला, अन् मी त्याच्या बाजूनं तसाच निघून जाऊ?" बाबा म्हणाले. "मले नाही जमत वं ते."

ते खरंच जमणार नव्हतं. त्याच रात्री मी त्यांच्या सायकलची नवी चाकं आणि ब्रेक काढून माझ्या लेडीज सायकलला बसवले, तिचं कॅरियर उतरवलं, सीट उंच केली. दांडी नाही, कॅरियर नाही, दुसऱ्याला बसायला जागाच नाही. ती दारात उभी करून मी आत निघून आले. त्या काळी आमच्या वस्तीत पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने लेडीज सायकल चालवली, तर पोरंसोरंसुद्धा फिदीफिदी हसली असती. बाबा ती घेतील असं आईलाही वाटत नव्हतं.

सकाळी ते डबा घेऊन बाहेर आले आणि सायकलकडे बघत बराच वेळ थांबले. मी खिडकीत होते. मग त्यांनी डब्याची पिशवी हँडलला अडकवली.

समोरचे शेजारी दात घासत उभे होते. "काहून गा भाऊ, पोरीची सायकल घेऊन निघाले?"

"तिनंच देली," बाबा म्हणाले. "तिले बाप पायजे म्हणते."

एवढं बोलले होते मी आदल्या दिवशी, पण हे वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.