मौलालीचाचांनी पळवलेली किटली

हे मी लिहिणारच नव्हते. एक तर उद्या प्रॅक्टिकल आहे आणि जर्नल अर्धं कोरं आहे. दुसरं म्हणजे खुद्द मौलालीचाचांनीच "माझ्यावर काय लिवतीस, धरणावर लिव" म्हणून हात झटकले. पण काल विंझरच्या स्टॉपवर एसटीची वाट बघताना आत्याने ही गोष्ट परत सांगितली आणि मी इतकी हसले की शेजारचे आजोबा उठून लांब जाऊन बसले. मग तिथेच मोबाईलवर टाइप करायला घेतलं.

तर मौलालीचाचा. मूळचे भोरचे, वय सत्तावन्न, चालायला काटक, बोलायला हळू. वेल्ह्याकडे आतल्या खोऱ्यात एक धरण आहे, नाव सांगत नाही, चाचांनी शपथ घातलीये. तिथे ते एकतीस वर्षं चौकीदार. सकाळी उठून भिंतीच्या पायथ्याशी जायचं, पाझराचं पाणी कालच्यापेक्षा वाढलंय का, गढूळ आलंय का ते बघायचं. घुशींनी बीळ केलंय का ते बघायचं. दगडांत उगवलेली झुडपं उपटायची. चाचा म्हणतात, धरण म्हणजे म्हातारी म्हैस, रोज अंगावरनं हात फिरवला की तिला काय दुखतंय ते कळतं.

आणि शेवटचं काम, त्यांच्या सगळ्यात आवडीचं. भोंगा. दरवाजे उघडायच्या आधी अर्धा तास तीन वेळा, एकेक मिनिट वाजवायचा. म्हणजे खालच्या लोकांनी नदीतनं वर यायचं. इतकं साधं.

पण चाचांचा स्वभाव आड आला.

धरणाच्या खाली दीड किलोमीटरवर ठकुबाईची खाचरं. ठकुबाई म्हणजे सावडीची मुकादमीण. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, अशी अकरा बायांची भातलावणीची टोळी, आणि माझी आत्या त्यातलीच. काही वर्षांमागे ठकुबाई धरणावर चढून आली आणि चाचांना म्हणाली, "भाऊ, आमचं हात चिखलात, मोबाईल पिशवीत, पिशवी झाडाला. अकरा वाजल्यालं कळायचं कसं? च्या थंड व्हतो. तुमच्याकडं येवढा मोठा भोंगा हाय, वाजवा की जरासा."

चाचांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी रोज अकराला एकदाच, छोटासा भोंगा द्यायला सुरुवात केली. तेवढ्यापुरता. लावणीपुरता. साहेब लोक नसताना. भोंगा झाला की बाया हातातलं आवण, म्हणजे भाताची रोपं, टाकून नदीकडे सुटायच्या, कारण खाचरात बसायला कोरडी जागा नाही आणि नदीच्या मधोमध एक सपाट कातळ आहे. वर धरण भरत असतं तोवर खाली नदीला घोट्याएवढंच पाणी, त्यामुळे ऐन पावसाळ्यात कातळ उघडा. हात धुवा, कातळावर बसा, चहा प्या. काय सुख.

म्हणजे बघा, ज्या आवाजाने नदीतनं बाहेर पळायचं, त्या आवाजाला अकरा बाया रोज नदीत जात होत्या. आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मागच्या जुलैत दोन दिवस घाटमाथ्यावर धो धो कोसळला. जुलैत धरण किती भरू द्यायचं त्याचा एक तक्ता असतो, पाणी त्याच्या वर गेलं की सोडायचंच, नाहीतर पुढच्या पुराला पोटात घ्यायला जागा उरत नाही. नवीन इंजिनिअर शेफालीमॅडमनी पातळी बघितली आणि म्हणाल्या, "साडेअकराला दोन दरवाजे. चाचा, अकराला भोंगा द्या."

चाचांनी दिला. एक मिनिट. मग सवयीने खाली नजर टाकली. पाऊस जरा उघडला होता. बायांच्या डोक्यावरची अकरा इरली डुलत डुलत नदीकडे निघाली होती. पुढे ठकुबाई असणार, हातात किटली.

त्यांनी दुसऱ्यांदा वाजवला, जोर लावून. इरली आणखी भरभर चालायला लागली. तिसऱ्यांदा वाजवला, तेव्हा कुणीतरी वर बघून हात हलवला.

खाली ठकुबाई काय म्हणाली ते आत्याकडून कळलं. म्हणाली, "आज भाऊ लईच खुशीत हायती."

चाचांनी ठकुबाईला फोन लावला. लागेना. लागला असता तरी पिशवी झाडालाच वाजली असती. मग ते मॅडमपुढे जाऊन उभे राहिले.  "मॅडम, चूक माझी हाय," म्हणून दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी हातातला तक्ता खाली ठेवला. "चहासाठी?"

"व्हय."

"बाया वर आल्याशिवाय मी दरवाजा उचलणार नाही. पण वरनं येणाऱ्या पाण्याला मी थांब म्हणू शकत नाही, चाचा. पळा."

दरवाजे चालवणारा गोरख दुर्बीण घेऊन भिंतीवर उभा राहिला. वर आलो की हात करतो, असं ठरलं. चाचांनी त्यांची जुनी एम-एटी काढली आणि उतारावरनं अशी सोडली की वाटेतल्या दोन कोंबड्या अजून घरी परतलेल्या नाहीत म्हणतात.

बांधावर गाडी टाकली. पँटीसकट पाण्यातनं कातळावर गेले. 

"या भाऊ," ठकुबाई म्हणाली, "येवढ्या लांबनं च्याला आलासा? स्नेहल, कप दे गं भाऊंना."

"उठा," चाचा म्हणाले. "पानी सोडत्यात."

"तुमी बसा आदी. घाम बगा किती आलाय."

"आक्का, त्यो भोंगा खराच व्हता."

"खोटा कंदी व्हता? बरूबर अकराला वाजतोय," ठकुबाई म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या. टोळीतल्या स्नेहलने कपात चहा ओतायला घेतला. पाटी उघडली, भाकरी बाहेर आल्या. वीस मिनिटांची निश्चिंती घेऊन बसलेल्या बायांना उठवणं म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. कातळाच्या कडेने पाणी खळखळत होतं, अगदी घोट्याएवढं, कुणाला कशाला भीती वाटेल?

चाचांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून एकोणीस मिनिटं. अजून एकदा समजावलं असतं तर अजून एकदा हसल्या असत्या.

त्यांनी स्नेहलच्या हातातली किटली हिसकावली आणि पळत सुटले.

एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला, कुणाला कधी अरेतुरे न केलेला माणूस, भरलेली किटली घेऊन नदीतनं पळतोय. मागून अकरा बाया, गुडघ्यापर्यंत चिखल, साड्या खोचलेल्या, तोंडाला येईल ते बोलत. "भाऊ, डोकं फिरलं का," "धरा त्यांना," "साखर माझ्या घरची हाय त्यातली." आत्या म्हणते, पाणी सोडतायत हे ऐकून आम्ही हललो नाही, पण चहा चालला म्हटल्यावर एकजणही मागे राहिली नाही.

चाचा थांबलेच नाहीत. नदीकाठ, खाचराचा बांध, मग चढ, थेट समाजमंदिराच्या ओट्यावर. तिथे त्यांनी बाया मोजल्या. आठ, नऊ, दहा. अकरावी ठकुबाई, हातात विळा घेऊन, धापा टाकत. मोजून झाल्यावर त्यांनी किटली डोक्यावर धरली आणि धरणाकडे तोंड करून हलवली. वर गोरखने दुर्बिणीत बघितलं आणि मॅडमना म्हणाला, "आल्या. किटली बी आली."

काही वेळाने पाणी आलं. आधी आवाज, मग लालसर फेस, मग कातळ दिसेनासा झाला. भाकरीची पाटी गरगर फिरत निघून गेली.  ठकुबाईने विळा खाली ठेवला, किटली घेतली, उरलेला चहा कपात ओतला आणि पहिला कप चाचांच्या हातात दिला. चाचांनी तो एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की हा भोंगा मी उगाच वाजवत होतो. मॅडमनी खूप झापलं. मग स्वतः खाली आल्या आणि ठकुबाईला एक घड्याळ दिलं. हात चिखलात असतात म्हणून ती ते गळ्यात घालते, प्लास्टिकच्या पिशवीत.

आता भोंगा खराच वाजतो. एक अपवाद आहे, तोही आधी सांगून. पावसाळ्यात दर एक तारखेला अकराला चाचणी असते. तेव्हा बाया किटली उचलून ओट्यावर पळतात आणि चाचा वरनं वेळ लावतात. चार मिनिटं दहा सेकंद हा आत्तापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ, आणि तो ठकुबाईच्या गुडघ्याचं दुखणं धरून आहे. चहा ओट्यावरच होतो.

चाचा ऑक्टोबरच्या शेवटी रिटायर होतायत. त्यानंतर भोंगा दुसरं कुणीतरी वाजवेल, पण धरणाच्या पाठीवरनं हात फिरवत चालणारा हा माणूस तिथे नसेल. म्हणून म्हणते, येत्या एक तारखेला पावणेअकराच्या आत समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसा. धरणाचं नाव मी सांगणार नाही, पण विंझरच्या स्टॉपवर ठकुबाईचं गाव विचारलंत तर कुणीही वाट दाखवेल. चाचणी झाली की चाचा एम-एटीवरनं खाली येतात. त्यांना भेटा, पाझराबद्दल विचारा, तासभर बोलतील. फक्त किटलीचा विषय तुम्ही काढू नका, ठकुबाई काढतेच.