ट्यूबची बाही

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा सिस्टर खाली उतरल्याच नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "रफिकभाई, वर्षात दोनदा शॉकअप बदलले तुम्ही. परत खाडखाड वाजून राहिलंय. ह्या बारीला न्हाई जमलं तर गाडी लातूरला नेते."

सिस्टर सरकारी उपकेंद्रात नर्स आहेत. चाकूरच्या आसपासच्या चार खेड्यांत लसीचा डबा घेऊन त्या स्वतः गाडी चालवत जातात. गाडी सतरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्यांना परत हवी होती, कारण परवा लसीकरण होतं.

रफिकभाई आमचे उस्ताद, गॅरेज त्यांचंच. मी तिथं आठ वर्षं आहे. निघालेले पार्ट धुवायचे, पुसायचे आणि पोत्यावर मांडायचे, हे माझं काम. मी चौथीपर्यंत शिकले. खोक्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून जे जसं निघेल तसं ओळीनं मांडते. ती ओळ बघून भाई उलट्या क्रमानं सगळं चढवतात. गिऱ्हाइकासमोर मी बोलत नाही. चहा हवा का, एवढंही भाईच विचारतात.

भाईंनी डावं चाक काढलं. शॉकअप तेलानं ओला. शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी आणि तिच्यात खालीवर होणारा गुळगुळीत रॉड. नळीच्या तोंडाशी सील असतं, ते तेल धरून ठेवतं. सील गेलं की तेल गळतं आणि गाडी उड्या मारते. भाई कंपनीला शिव्या द्यायला लागले. माल डुप्लिकेट येऊन राहिलाय म्हणाले.

मी पार्ट मांडत होते. त्यात माझी बाही आली.

तिची हकिकत अशी. रॉडवर धूळ बसू नये म्हणून रबराचं एक कव्हर असतं, पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं. त्याच्या आत बंप स्टॉप, म्हणजे जाड रबराचा तुकडा. चाक खड्ड्यात गेलं तर रॉडचा दणका तो झेलतो. पहिल्या वेळी सिस्टरच्या गाडीचं कव्हर चिंध्या होऊन निघालं आणि बंप स्टॉपचा हातात भुगा झाला. नव्या खोक्यात नुसता शॉकअप होता. जुन्या गाडीची कव्हरं लातुरात मिळाली नाहीत. तेव्हा भाई म्हणाले होते, "आक्का, तू ब्लाउज शिवतीस ना? ट्रॅक्टरच्या ट्यूबची बाही शिवून दे."

मी दाभणानं शिवून दिली. सगळ्यांनी वाखाणली. सिस्टरांनी तर फोटो काढला. बंप स्टॉपचं कुणी नावच काढलं नाही. दुसऱ्या वेळी मी नवीन बाही शिवली, जास्त घट्ट. पुढं आणखी पाचसहा गाड्यांना शिवल्या.

आता ती बाही मी उलटी केली. आत काळ्या मातीचा आणि तेलाचा चिखल. बोटात चोळला तर खरखरीत लागला. रॉडवरून नख फिरवलं, तर उभे चरे. माझ्या लक्षात आलं. कंपनीचं कव्हर रॉडपासून सुटं असतं. मी मात्र दंडाला बसावी तशी बाही बसवली होती. खालून माती आत जायची आणि तिथंच रॉडला घासत राहायची, मग चरे पडलेला रॉड सील फाडायचा. बाही नसती तर शॉकअप कदाचित जास्त टिकला असता.

गप्प राहिले असते तर भाईंनी तिसरा शॉकअप बसवला असता आणि वरून तिसरी बाही. बोलले तर भाईंचं नाव जाणार, कदाचित माझं कामही. सिस्टर आता गाडीतून उतरून बाकावर बसल्या होत्या. मी बाही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सिस्टर, माल खराब न्हाई. ही बाही मी शिवली. हिनंच शॉकअप खाल्ला."

भाईंनी पाना खाली ठेवला. सिस्टरांनी चिखलाला बोट लावलं.

"म्हणजे टाका चुकला म्हणा की."

"टाका न्हाई चुकला. माप चुकलं."

त्या हसल्या. भाई हसले नाहीत. हात पुसून त्यांनी नांदेडला फोन लावला. तिथल्या एका जुन्या दुकानात कव्हर, बंप स्टॉप आणि शॉकअपला वरून गाडीशी धरणारी माउंटिंग, सगळ्याची जोडी निघाली. दुकानदारानं पार्सल सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ दिलं. मी स्टँडवर जाऊन ते उतरवून घेतलं आणि तिथंच उघडून सहाच्या सहा नग बघितले.

नवे शॉकअप गॅरेजात होतेच. डावी बाजू भाईंनी केली. मग पाना माझ्यापुढं धरला. "उजवी तू कर. गिऱ्हाइकासमोर बोलाया येतं, तर हे बी येत असंल."

आठ वर्षांत पहिल्यांदा पाना माझ्या हातात आला. आधी ब्रेकचा पाइप सोडवून बाजूला बांधला, त्याला ताण बसू नये म्हणून. खालचे दोन बोल्ट, बॉनेटखालचे तीन नट. शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर. स्प्रिंग हीच भीतीची गोष्ट. दाबलेली सुटली तर जबडा फोडते. स्प्रिंग आवळून धरणारे दोन क्लॅम्प समोरासमोर लावून दोन आटे इकडं, दोन तिकडं, असं दाबत गेले. भाई मागं उभे होते. नवा शॉकअप उभा धरून रॉड तीनचार वेळा खालीवर केला. बंप स्टॉप, कव्हर, स्प्रिंग, माउंटिंग. एकही नट उरला नाही.

सिस्टर गाडी स्टँडजवळच्या तिन्ही स्पीडब्रेकरवरून नेऊन आल्या. भाईंनी आवाज विचारला.

"कुठला आवाज?" सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "आक्का, पुढच्या बारीला बी उजवी बाजू तुम्हीच करा."

बाकी पाचसहा गाड्या भाईंनी फोन करून बोलावल्या आणि बाह्या काढल्या. त्यातल्या दोन गाड्यांचे शॉकअप वाचले. आता मी दोन्ही बाजू करते.

अख्खा पावसाळा काढून सिस्टर ऑइल बदलायला आल्या, तेव्हा मी गाडीखाली सरकले आणि दोन्ही शॉकअप पांढऱ्या फडक्यानं पुसले. फडक्यावर धूळ आली, तेल आलं नाही. गळणारा पार्ट कुणीही बदलतं. तो का गळला हे कळायला आपणच बसवलेली वस्तू उलटी करून बघावी लागते, आणि ते काम कुणालाच आवडत नाही.