राखेतला विस्तव आणि सांगलीचे पाहुणे

मला बघायला सांगलीहून पाहुणे आले त्याला कितीतरी वर्षं झाली, पण त्या दिवसाचा राग माझा अजून गेलेला नाही. सत्तरचं दशक चालू होतं. साताऱ्यात मी बी. एस्सी. झाले होते आणि पुण्याला जाऊन ताऱ्यांचा अभ्यास करायचा, असा हट्ट धरून बसले होते. फौजेतून रिटायर होऊन उंब्रजला ऊस लावणारे आबा, माझे वडील, धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते.

पाहुण्यांत मुलाचे काका सगळ्यांत पुढं. चालून दाखव झालं, सुई ओवून दाखव झालं, मग ताऱ्यांचं काय शिकणार ते सांग. मी सांगितलं, सगळ्यांत मोठे तारे जन्मतात कसे, ते. दाट धुळीच्या ढगात जन्मतात, म्हणून साध्या दुर्बिणीतून दिसतच नाहीत. काका हसले. दिसत नाही ते आहे कशावरून, म्हणे.

मी तरातरा आत गेले. विस्तव संध्याकाळपर्यंत टिकावा म्हणून आमच्याकडं शेगडीत निखारे राखेत पुरून ठेवत. ती शेगडी त्यांच्यापुढं आणून ठेवली आणि वर हात धरायला सांगितलं. राखच तर आहे, असं वाटून काकांनी बोटं थेट टेकवली आणि झटक्यात मागं घेतली. चांगली जिरली! तारा धुळीला तापवतो, ती ऊब मोजता येते, मी सांगितलं. आणि रेडिओलहरी तर धुळीतून आरपार बाहेर येतात. आबा फौजेत वायरलेसवर होते. धुक्यात माणूस दिसत नाही पण त्याचा आवाज येतो, एवढंच ते बोलले. आई दारात कपाळाला हात लावून उभी.

खरं कोडं पुढंच होतं. असा तारा पुरता वाढायच्या आतच पेटतो, आणि त्याचा उजेड इतका जबर की अंगावर येणारी धूळच मागं रेटली जावी. मग तो एवढा मोठा होतो कसा? तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मला ते शोधायचं होतं, बस्स.

काका म्हणाले, पोरगी तिखट आहे पण पसंत आहे, फक्त शिक्षण इथंच थांबवायचं. तबक पुढं आलं. आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न पक्कं. मी तबकातली सुपारी उचलली आणि सरळ कनवटीला खोचली.

"आबा, मी पुण्याला जाणार हाय."

काकांनी दुसरी सुपारी मागितली.

"घरात एवढीच हुती," आबा म्हणाले.

आईच्या हाताशी फडताळात सुपाऱ्यांचा डबा गच्च भरलेला होता. ती जागची हलली नाही.